निरंक

टेपचं एक टोक सुपडूच्या हातात,
दुसरं माझ्या,
मधे एरंडोलची एक गल्ली.

छप्पर मोजायचं, ओटा मोजायचा,
मुलीच्या लग्नात घाईने बसवलेले पेव्हर ब्लॉक मोजायचे.
जिथे जिथे पाणी पडतं आणि जिरत नाही
ते सगळं रकाना चारमध्ये.
माती उरली असेल कुठे,
तर तिच्यापुढे लिहायचं : निरंक.

दर चौरस मीटरला दोन रुपये सत्तर पैसे, वर्षाचे.
कागदावर नाव पर्जन्यजल निःसारण शुल्क.
सुपडूची जीभ तिथे दरवेळी घसरते.
"ताई, गटारपट्टीच म्हणा ना."

दगाजी भावसार दार अडवून उभे :
"पानी देवनं, गच्ची मन्ही,
मंग पैसा तुमले का बरं?"
मी म्हटलं, काका, पडण्याचे पैसे नाहीत,
पडून गेल्यावर ते ज्या वाटेने जातं
त्या वाटेचे.
"वाट तं खाले जास," ते म्हणाले,
आणि दार लावून घेतलं.

खाले म्हणजे मण्यारवाडा.
मग नाला. मग अंजनी.

कांकरियांच्या जिनिंगचं शेड मोजताना
टेप अकरा वेळा उचलली.
रुईचा तूस नाकातोंडात.
वॉचमनने चहा दिला, मालकाने वकिलाची नोटीस.
शाळेने सूट मागितली, देवळाने मागितली,
मशिदीने मागितली, मंगल कार्यालयाने तर दोनदा.
पाऊस कुणाला सूट देत नाही, असं साहेब म्हणाले
आणि स्वतःच्या बंगल्याचं पार्किंग
तूर्त पेन्सिलीने लिहायला सांगितलं.

नूरबी मण्यार. एक खोली, पत्रा.
एकोणीस चौरस मीटर,
एक्कावन्न रुपये तीस पैसे.
तिने चष्मा लावून बिल वाचलं, घडी केली,
मग भिंतीकडे बोट दाखवलं :
गेल्या भादव्यातली चिखलाची रेघ.
"पुठ्ठ्याची खोकी विरघळली, बाई.
हिरव्या बांगड्या गाळातून वेचल्या,
डझनाला चार फुटक्या.
ही रेघ पण मोजा.
यात वरच्या गच्च्यांचं किती, माझं किती, लावा हिशेब."

आमच्या फॉर्मला लांबी आहे, रुंदी आहे.
मी टेप उभी धरली.
एक्काहत्तर सेंटीमीटर.
समासात लिहिलं, सहीशिवाय.

घरी आले तर आमचंच अंगण दिसलं,
आई घसरली त्या वर्षी घातलेला कोबा.
नऊ मीटर. तोही मांडला.
आई म्हणाली, घरातलं कशाला सांगतेस लोकांना?

चैत्रात दगाजींनी पहार काढली.
समोरच्या ओट्याची शहाबादी फरशी,
अकरा चौरस मीटर, उखडून टाकली
वर्षाच्या एकोणतीस रुपये सत्तर पैशांसाठी.
मजुराला सहाशे दिले.
मला फोन करून बोलावलं, कंबरेवर हात ठेवून उभे :
"लिखा आते. निरंक."
मी लिहिलं.

आषाढात मी तिथून जात होते,
तर ते छत्री धरून त्या मातीकडे बघत होते,
उकळत्या दुधाकडे बघावं तसं.
पाणी ओट्याबाहेर येतच नव्हतं.
"कोठे जात व्हई हाई पानी?"
मला विचारलं की मातीला, कळलं नाही.

वसुली चौपन्न टक्के.
जिनिंगचा दावा कोर्टात,
साहेबांची पेन्सिल अजून पेन्सिलच.
पाइप मण्यारवाड्याच्या चाळीस मीटर अलीकडे येऊन थांबलाय,
तोंडावर गोणपाट बांधून.

तरी पाणी ओसरल्यावर मी नूरबीकडे गेले.
बिल वाटायचे दिवस नव्हते.
तिने काही न विचारता टोक धरलं.
जुन्या रेघेखाली नवी, अजून ओली.
चौसष्ट.

सात सेंटीमीटर
कुणाच्या खात्यावर टाकू?
भावसारांच्या ओट्याच्या? अर्ध्या पाइपाच्या?
की यंदा ढगच जरा हलके होते?

समास भरत आलाय.
सुपडू म्हणतो, ताई, टेप आत ओढू नका,
आधी पुसून घ्या,
गंजते.